चौऱ्याऐंशी व्होल्ट

भाऊसाहेब तगारे हे माझे सख्खे काका. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी त्यांच्या रजिस्टरबद्दल लिहावं लागेल, कारण काका स्वतःबद्दल कधी बोलत नसत आणि रजिस्टरात मात्र सगळं लिहीत. त्यांची तेहेतीस वर्षं दिल्लीत केंद्र सरकारच्या इमारतींची वीज सांभाळण्यात गेली. सबस्टेशनला दर तासाला मीटर वाचायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची, आणि एकदा लिहिलेला आकडा खोडायचा नाही, अशी तिथली शिस्त. निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. घरातलं व्होल्टेज, गच्चीवरच्या टाकीची पातळी, काकूची शुगर, सगळं एकाच निळ्या रजिस्टरात, वेळेसकट. मी सांगलीहून यूपीएससीच्या तयारीसाठी त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा माझा अभ्यासही त्यात जाऊन बसला. ‘रेवती, सकाळी ६.१० ते ७.००. चहासाठी खंड.’ मला हा प्रकार अजिबात आवडत नसे आणि मी तसं तोंडावर सांगितलं. काकांनी तेही लिहून ठेवलं असणार.

नोकरीत असताना ते सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तळमजल्यावर राहत. समोरच्या क्वार्टरमध्ये कराडकडचे दामूअण्णा आणि नीलामावशी. सुमित्राकाकू आणि नीलामावशी बावीस वर्षं एकमेकींच्या दारात होत्या. दोघींच्यात मिळून एक पितळी सोऱ्या होता. तो नेमका कोणी आणला होता हे दोघी विसरल्या होत्या. सहा महिने या घरात असायचा, सहा महिने त्या घरात. दिवाळीला चकल्या एकत्रच व्हायच्या. काकू सोऱ्या दाबायची, कारण तिच्या हातात जोर होता, आणि नीलामावशी तळायची. पायांत मात्र काकूच्या काही उरलं नव्हतं, दोन्ही गुडघे पार गेले होते. नीलामावशीचं दुखणं हृदयाचं. थोडी दमली की तिचे ओठ निळसर पडत, आणि विचारलं की ती म्हणे, “मी ठणठणीत आहे गं.” काकू तिच्या बोलण्याकडे लक्षच द्यायची नाही. ओठांकडे बघायची आणि ठरवायची.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावी लागली. काका एका सहकारी सोसायटीचे सभासद होते, चिठ्ठीत त्यांना वैशालीतला आठव्या मजल्यावरचा फ्लॅट लागला. वैशाली म्हणजे यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीत. तेव्हा अर्धी दिल्ली असे फ्लॅट घेऊन नदी ओलांडत होती, आणि जिथे परवापर्यंत कोबी लावत होते तिथे दहा-दहा मजले उभे राहत होते. काकू म्हणाली, “मला इतक्या वर नका नेऊ.” काका म्हणाले, “लिफ्ट आहे. तुला एक पायरी चढावी लागणार नाही.” हे वाक्य काही रजिस्टरात नव्हतं, पण मला पाठ आहे, कारण पुढे काकूने ते त्यांना पुष्कळदा ऐकवलं.

सामान कमी करताना काकूचा पाटा-वरवंटा कबाडीवाल्याला गेला आणि ती रुसली. “बघ, मीपण माझा मीटर टाकतोय,” असं म्हणत काकांनी व्होल्टेज मोजायचा आपला काळा काटेवाला मीटर त्याच गाडीवर ठेवला. त्यात त्यागबिग काही नव्हतं. त्यांच्या मुलाने, आशयने, सिंगापूरहून पिवळाधमक डिजिटल मीटर पाठवला होता आणि काका त्याच्या प्रेमात पडले होते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना तो ठसठशीत आकडा सोपा जायचा. “काटा बघणाऱ्यागणिक बदलतो,” ते म्हणत. “आकडा कोणाचं ऐकत नाही.”

नव्या घरात काकूने एक गोष्ट सोडली नाही, ती म्हणजे गुरुवार. दर गुरुवारी दहाला ती लिफ्टने खाली उतरायची, दिल्लीच्या बॉर्डरपर्यंत एक रिक्षा, बॉर्डरनंतर दुसरी, कारण यूपीची रिक्षा दिल्लीत चालत नाही आणि दिल्लीचा ऑटोवाला यूपीत यायला कुरकुरतो. असं करत सरोजिनी नगरला नीलामावशीकडे. संध्याकाळी परत. बाकीचे सहा दिवस ती त्या एका दिवसावर काढायची, हे मला उशिरा कळलं.

दोन वर्षांनी दामूअण्णाही निवृत्त झाले. एकोणतीस ऑक्टोबरची गाडी ठरली, कायमचं कराडला. काकूने कॅलेंडरवर बघितलं तर एकोणतीसला गुरुवारच. त्याआधी तीन गुरुवार होते. “तीन म्हणजे खूप झाले,” काकू म्हणाली. चकल्या करायच्या, सोऱ्याचं काय ते ठरवायचं, आणि नीलाला एकदा नीट बघून घ्यायचं. फोनवर दोघी रोज बोलत होत्याच. “पण फोनवर ओठ दिसत नाहीत,” ती म्हणायची.

सात ऑक्टोबरला लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली ती थांबलीच. कांदा कडाडला होता ते हे अठ्ठ्याण्णवचं वर्ष. सोसायटीत लोक लिफ्टपेक्षा कांद्यावर जास्त बोलत होते, कारण जिने सगळेच कुरकुरत का होईना चढत होते. जिना ज्याच्या आवाक्याबाहेरचा होता असं बिल्डिंगमध्ये एकच माणूस होतं, आणि ते आमच्या घरात होतं.

दुसऱ्या दिवशी रामअवतार आला. साहिबाबादच्या एका लहानशा फर्मचा मेकॅनिक, पन्नाशीचा, शांत, पानाने लाल झालेल्या दातांचा. काका त्याच्याबरोबर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले आणि बॅटरी धरायला मला नेलं. लिफ्टचं काम कसं चालतं ते काकांनी मला तिथेच समजावलं. प्रत्येक मजल्यावरचं दार लागलंय का हे तपासत एक तार खालपर्यंत जाते आणि लिफ्टखाली लोंबणाऱ्या केबलमधून परत वर येते. परत आलेल्या तारेत व्होल्टेज असलं, की वरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड लिफ्टला चालायची परवानगी देतं. काकांनी परत आलेल्या तारेच्या स्क्रूवर पिवळ्या मीटरची टोकं टेकवली. एकशेदहा यायला हवे होते. मीटरने चौऱ्याऐंशी दाखवले.

“तार ठीक है,” काका म्हणाले. “कार्ड गया.”

रामअवतारने पिशवीतून होल्डरमध्ये बसवलेला एक बल्ब काढला. त्याला दोन लांब तारा होत्या. “साहब, एक बार बल्ब लगाके देख लूँ? एक सौ दस होना चाहिए था.”

“गाज़ियाबाद में पूरा कब आता है भाई?” काका म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. “बल्ब-विल्ब रहने दो, कुछ और उड़ जाएगा. मीटर बता तो रहा है.”

यात काकांची एकट्याची चूक नव्हती, निदान मी तरी तसं मानते. आमच्याकडे संध्याकाळी दोनशेवीसच्या जागी एकशेसत्तर यायचे. ट्यूब लुकलुकायची, फ्रिज कण्हायचा, पंखा दयेवर फिरायचा. सरोजिनी नगरात चौऱ्याऐंशी दिसले असते तर काका दचकले असते. वैशालीत दोन वर्षं काढल्यावर कमी आकड्याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं.

बॅटरी धरताना माझा तोल गेला आणि मी तारांच्या जुडग्यावर हात टेकला. मीटरचा आकडा एकसष्ट झाला. हात काढला, पुन्हा चौऱ्याऐंशी. मी तसं म्हटलंसुद्धा. “लाइट वरखाली होतेय गं,” काका म्हणाले. मी इतिहासवाली, मला विजेतलं काय कळणार, म्हणून गप्प बसले. रामअवतारही गप्प बसला, कारण समोर तेहेतीस वर्षं सरकारी वीज सांभाळलेला इंजिनियर साहब उभा होता. त्याने बल्ब पिशवीत ठेवून दिला.

काकांनी सोसायटीच्या लेटरहेडवर कार्ड मागवायचं पत्र लिहिलं. कार्ड बंगळुरूहून यायचं होतं, मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या. “पंधरा दिवस,” ते काकूला म्हणाले. रोज सकाळी नऊला ते आठव्या मजल्यावरून गच्चीवर चढत, मीटर लावत, आणि रजिस्टरात लिहीत: ‘लिफ्ट, परतीची तार. ८४ व्होल्ट. सप्लाय ठीक. कार्डाची प्रतीक्षा.’ कधी ब्याऐंशी, कधी अठ्ठ्याऐंशी, पण आकडा रोज असायचा. त्याने त्यांना धीर येत असे.

पहिला गुरुवार असाच गेला. दुसऱ्याच्या आदल्या दिवशी काकांनी दोन गार्ड बोलावले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीतून काकूला खाली न्यायचं ठरवलं. सातव्या मजल्याच्या वळणावर जिना अरुंद होता, तिथे खुर्ची कलली. काकूने कठडा धरला आणि सोडलाच नाही. दोन्ही गार्ड “माताजी, छोड़िए” म्हणत होते आणि काकू डोळे घट्ट मिटून बसली होती. शेवटी खुर्ची तशीच परत वर आणली. वर आल्यावर पाणी पिऊन ती एवढंच म्हणाली, “असं मला उचलून एकदाच न्यायचंय. तेव्हा न्या.” त्यानंतर खुर्चीचं नाव निघालं नाही.

मग ती घरात बसली. आता मला त्या दिवसांची जास्त लाज वाटते. मी रोज दोनदा जिने उतरत होते, क्लासला जात होते, परत येऊन धापा टाकत जिन्यांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि काकू ऐकत होती. ती सकाळी बाल्कनीत बसायची, दुपारी आत, संध्याकाळी पुन्हा बाल्कनीत. समोर एक अर्धवट बांधलेली इमारत, खाली भाजीचे ठेले, माणसांची नुसती डोकी. भाजी मी आणायची आणि ती म्हणायची, “भेंडी मोडून बघितलीस का?” मी बघितलेली नसायची. दिवाळीत चकल्या झाल्या नाहीत. बाजारातून आणलेल्या तिने एकही खाल्ली नाही. तिने काकांवर एकदाही आवाज चढवला नाही, आणि काकांना तेच जास्त लागत होतं. ते दिवसातून तीनदा बंगळुरूला फोन लावायचे.

पंचवीस तारखेला नीलामावशीकडचा फोन कापला गेला, कारण क्वार्टर परत करायची होती. तेव्हापासून काकूला तिचा आवाजही नव्हता.

अठ्ठावीसला दुपारी चारला इंटरकॉम वाजला. गेटवर नीलामावशी आणि दामूअण्णा आले होते. सामान बांधून, उद्याची गाडी, त्याआधी एवढ्या लांब. काकांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. नीलामावशीला आठ मजले चढवणं म्हणजे तिचा जीव घेणं, आणि काकू उतरू शकत नव्हती.

तरी काकू उठली. “आणा ती खुर्ची,” म्हणाली. काकांनी इंटरकॉमवर खाली सांगितलं. खालून दामूअण्णांचा आवाज आला, “नीला म्हणतेय, सुमित्राला खुर्चीत बसवलंत तर मी परत बोलणार नाही. नीलाच येतेय वर खुर्चीतून.” हे ऐकून काकूने काकांच्या हातातून रिसीव्हर ओढला. “दामूभावजी, तिला पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवू देऊ नका. मी सांगतेय.” असं दोनदा-तीनदा झालं. एक खाली यायला तयार, एक वर यायला तयार, आणि दोघी एकमेकींना अडवत होत्या.

आमच्या घरात इंटरकॉम हॉलच्या भिंतीवर होता, त्याची तार हातभर. बाल्कनी बेडरूमच्या पलीकडे. खाली गार्डच्या केबिनवर पत्रा होता, त्यामुळे नीलामावशी फोनवर आली की वरून दिसत नसे आणि उघड्यावर आली की तिला बोलता येत नसे. मग असं ठरलं, की दोघींनी एकमेकींना बघायचं आणि नवऱ्यांनी बोलायचं. नीलामावशी केबिनच्या दारासमोर उन्हात उभी राहिली, आत दामूअण्णा रिसीव्हर धरून. वर काकू बाल्कनीच्या कठड्याला धरून, हॉलमध्ये काका. खालून निरोप आला की काका मोठ्याने बेडरूमपलीकडे सांगायचे.

त्या दोन म्हाताऱ्यांनी आयुष्यात एकमेकांशी डी.ए. आणि क्वार्टरचं गळकं छत याखेरीज काही बोललेलं नव्हतं. नीलामावशी खाली हात हलवून, मान हलवून काहीतरी लांबलचक सांगत होती, हे वरून दिसत होतं. दामूअण्णा घसा खाकरत होते, ते काकांना रिसीव्हरमध्ये ऐकू येत होतं. मग काका ओरडले, “ती म्हणतेय, तब्येत सांभाळ.”

“एवढंच?” काकू म्हणाली. “इतका वेळ तोंड हलत होतं तिचं.”

“दामू म्हणाला तेवढं सांगतोय.”

“नीट विचारा.”

काकांनी नीट विचारलं. दामूअण्णा म्हणाले, “ते सगळं तिला ठाऊक आहे म्हणावं.” काकांनी तसं सांगितलं. काकूने पदर तोंडाला लावला आणि कठड्यावरून इतकी वाकली की मी तिला मागून धरलं.

“इथून ओठ दिसत नाहीत गं,” ती मला म्हणाली. “तू धावत जा. बघून ये. आणि पाणी दे तिला.”

मी आठ मजले उतरले. नीलामावशी आता केबिनच्या सावलीत गार्डच्या स्टुलावर बसली होती. तिने मला जवळ घेतलं, माझ्या हातात जुन्या सुती पातळात गुंडाळलेला सोऱ्या दिला. “तिच्याकडेच राहू दे,” म्हणाली, “दाबायला हात तिचेच.” तिचे ओठ निळे होते. निळसर नव्हे, चांगले निळे, आणि नखंही. मी पाणी दिलं, ते तिने दोन घोट घेऊन ठेवलं. “वर सांगू नकोस,” ती म्हणाली. “ती उगीच जिन्यावर येऊन बसेल.” तिने उन्हात जाऊन एकदा वर हात केला आणि दोघं टॅक्सीत बसली.

मी वर आले. काकूने सोऱ्या मांडीवर घेतला आणि विचारलं, “ओठ?”

“ठीक होते,” मी म्हटलं. “नेहमीसारखे.”

तिने मान हलवली आणि मला त्याने फार बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

कार्ड आलं तीन नोव्हेंबरला. सत्ताविसावा दिवस. रामअवतारने ते बसवलं, काकांनी बटण दाबलं आणि लिफ्ट हलली नाही. पुन्हा दाबलं. नाही. काकांनी मीटर काढला, त्याच स्क्रूवर टेकवला. चौऱ्याऐंशी.

या वेळी रामअवतारने विचारलं नाही. पिशवीतून बल्ब काढला, त्याच्या तारा मीटरच्या टोकांशेजारी त्याच स्क्रूवर धरल्या. बल्ब लागला नाही, आतली तार लालसुद्धा झाली नाही. आणि मीटरवरचा आकडा खाली आला. चौऱ्याऐंशी, मग तीस, मग शून्य. बल्बच्या तारा काढल्या की पुन्हा चौऱ्याऐंशी. लावल्या की शून्य. रामअवतारने तीनदा लावून काढल्या, काकांच्या डोळ्यांसमोर.

“तार टूटी है साहब,” तो हळूच म्हणाला. “केबल के अंदर.”

लोंबत्या केबलमध्ये एकदोन तारा जास्तीच्या असतात, अडीअडचणीला ठेवलेल्या. त्याने त्यातली एक जोडली. पंधरा मिनिटं लागली. नवं कार्ड काढून त्याने जुनं परत बसवलं आणि बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यावर सत्तावीस दिवस उभी असलेली लिफ्ट घरघर करत वर आली. कार्डाला कधीच काही झालेलं नव्हतं.

रामअवतारने जुनं कार्ड पुन्हा उतरवून नवं लावलं आणि हात पुसले. “नीचे बोल दूँगा कार्ड ही था,” तो म्हणाला. “किसको पता चलना है, साहब.” तो काकांकडे बघत नव्हता. चांगला माणूस होता तो.

लिफ्ट चालू झाली होती तरी काका जिन्याने उतरले, आणि आठव्या मजल्यावर थांबायचं सोडून तसेच खाली गेले. अर्ध्या तासाने मी शोधत गेले तर पाचव्या आणि सहाव्या मजल्यामध्ये पायरीवर बसले होते, मांडीवर पिवळा मीटर. खाली कोणीतरी पेढे वाटत होतं. येणाराजाणारा “बधाई हो तगारे साहब” म्हणत होता.

“माझा काटेवाला असता तर काटा जागचा हलला नसता,” ते म्हणाले. “त्याला हलायला थोडी तरी वीज लागते. याला काहीच लागत नाही. हा नुसत्या चाहुलीवर आकडा दाखवतो. हे मला माहीत होतं, रेवती. पुस्तकात वाचलं होतं मी.”

“काकूला सांगणार?”

“रामअवतार म्हणतो तसं करता येईल,” ते म्हणाले, आणि मीटरचं बटण चालू-बंद करत राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती. मीही कोणत्या तोंडाने बोलणार होते.

संध्याकाळी जेवायला बसलो. काकू म्हणाली, “झाली म्हणे लिफ्ट. आठवडाभर आधी आलं असतं मेलं ते कार्ड.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. काकांनी वाढून घेतलेलं ताट बाजूला सारलं, आत जाऊन रजिस्टर आणलं आणि तिच्यासमोर उघडून ठेवलं. रोजची नोंद होती, एकही खोडलेली नव्हती. प्रत्येक नोंदीशेजारी लाल शाईने लिहिलं होतं: ‘चूक. प्रत्यक्षात ०. भा. त.’ सगळ्या नोंदींवर, तारखांसकट.

“कार्ड ठीक होतं,” काका म्हणाले. “तार तुटली होती. रामअवतार पहिल्याच दिवशी बल्ब लावत होता, मी लावू दिला नाही.”

काकूला चटकन समजलं नाही. मग समजलं. “म्हणजे त्या दिवशीच चालली असती?”

“त्याच दिवशी. पंधरा मिनिटांत.”

“आणि तुम्ही रोज वर जाऊन बघत होतात तो आकडा?”

“तिथे काही नव्हतं. तुटलेली तार होती. पण केबलमध्ये तिच्या शेजारून चालू तार जाते. तिच्यामुळे हिच्यात आभास येतो. दिवा लावायची ताकद नसते त्यात, नुसता आकडा दिसतो.”

“आणि शेजारची काढली तर?”

“तर शून्य.”

काकू त्या पानावरच्या लाल नोंदींवरून बोट फिरवत खालपर्यंत आली. मला वाटलं आता तरी ती ओरडेल. ओरडली असती तर आम्हा दोघांना बरं वाटलं असतं. तिने रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडे वळली.

“आज खरं सांगायचा दिवस दिसतोय,” ती म्हणाली. “तूही सांग. ओठ कसे होते?”

मी काकांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

“निळे होते,” मी म्हटलं. “नखंही.”

“मला वाटलंच,” काकू म्हणाली. उठली, भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेली, आणि सोऱ्या पातळात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला, जिथे तिचा हात नीट पोचत नव्हता.

कराडच्या घरी फोनची लाइन यायला वेळ लागणार होता. काकूने पत्र लिहिलं, ते मी टाकलं. उत्तर आलं तेही मावशीच्या अक्षरात, ‘मी ठणठणीत आहे.’ काकूने ते एकदा वाचून चष्म्याच्या घराखाली ठेवलं.

मी त्या घरात अजून दीड वर्ष राहिले. लिफ्ट नीट चालत होती. काकूचं मात्र खाली जाणं संपलं. डॉक्टरसाठी गेली असेल दोनदा. दर गुरुवारी सकाळी दहाला काका बाहेर जात, बटण दाबून लिफ्ट वर आणत, तिचं जाळीचं दार सरकवून हाताने धरून उभे राहत आणि आमचं दार उघडं ठेवत. आत काकू खुर्चीत बसलेली दिसायची. “खाली कुठे जाऊ?” असं तिने पहिल्या गुरुवारी विचारलं होतं, नंतर तेही विचारत नसे. खालून लोक जाळी बडवायचे, “लिफ्ट छोड़ो भाई, ऊपर कौन है?” काका उत्तर द्यायचे नाहीत. पाच मिनिटं झाली की दार लावून घरात यायचे, चष्मा चढवायचे आणि लिहायचे. त्यांचं ते रजिस्टर आता माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवर व्होल्टेज नाही, टाकी नाही, काही नाही. नुसतं हेच, एकाखाली एक: ‘गुरुवार, १०.०० ते १०.०५. लिफ्ट आठव्या मजल्यावर उभी. कोणी गेलं नाही.’